दारफाळणीच्या दिवशीची चिठ्ठी

दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी नागावकरांच्या घरात आजवर कुणी कुणावर आवाज चढवला नव्हता. आदला अख्खा दिवस दारं-खिडक्या लावून, पांढऱ्या कपड्यांत, पोटात पाण्याचा थेंब नसताना वर्षभराच्या पापांची माफी मागायची आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, सकाळी उठून त्याच तोंडाने भांडायचं, हे शोभण्यासारखं नव्हतंच. पण सत्त्याण्णव सालच्या शिळ्या सणाला, सकाळी नऊच्या सुमारास, शलोमदादांनी टेबलावर हात आपटला. गोड पुऱ्यांची परात हलली आणि हन्नावहिनींनी ती मुकाट्याने आपल्याकडे ओढून घेतली.

"कलम सात," दादा म्हणाले. "वाच, सिमहा. चष्मा नसला तर मी वाचतो."

दादांच्या बहिणीला, शाळेच्या मुख्याध्यापिका सिमहाबाईंना, चष्म्याची गरज नव्हती. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत बाबांच्या हातची एकवीस कलमं लटकत होती आणि ती सगळी त्यांना झोपेतही म्हणता आली असती. रेल्वेतली मास्तरकी सोडून रहामीम नागावकरांनी देवळालीजवळ आपल्या आईच्या नावाने हन्नाबी हायस्कूल काढलं, ते इगतपुरीपासून मनमाडपर्यंत पसरलेल्या आपल्या ज्यू समाजाच्या रेल्वेवाल्यांच्या पोरांसाठी. आता त्यातले निम्मे इस्रायलला गेले, उरलेले मुंबईला. पटावर समाजाची अकरा मुलं राहिली होती. बाकी सगळी घोटीची, सिन्नरची, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची. शनिवारी बंद आणि रविवारी भरणारी शाळा, एवढीच तिची गावात ओळख. कलमं मात्र तीच होती. जूनच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मूल ती वहीत उतरवून काढायचं.

"रजेची चिठ्ठी न घेता जो विद्यार्थी आवाराबाहेर जाईल, त्याचे नाव पटावरून कमी होईल," सिमहाबाईंनी म्हणून दाखवलं.

"झालं तर. छाया निवृत्ती गभाले, दहावी. काल दुपारी बाराला मागच्या भिंतीवरून उडी मारून गेली. पहारेकरी झुंबरने फाटकातून पाहिलं, हाका मारल्या, थांबली नाही. यात बोलण्यासारखं काय उरतं?"

"तिची आजी मरायला टेकली होती, काका," दादांची पुतणी रिवका म्हणाली. "घोटीच्या दुकानातून वसतिगृहात दहा वाजता फोन आला. सावित्रीबाईंनी तिला निरोप सांगितला. पण वसतिगृहाच्या बाईंना चिठ्ठीवर सही करता येत नाही. ती फक्त सिमहाआत्याच करते. मग पोरीने काय करायचं होतं?"

"सही घ्यायला यायचं होतं."

"आली होती की. काल रात्री दार उघडल्यावर सावित्रीबाईंनी मला सांगितलंय. चिठ्ठी लिहून आपल्या दारावर आली होती."

"दारफाळणीला?" दादांनी विचारलं.

दार सकाळपासून सताड उघडं होतं. बाहेर पायरीच्या खाली, कडुनिंबाच्या सावलीत, छायाचा बाप निवृत्ती उकिडवा बसला होता. पहाटेच्या पहिल्या जीपने तो आला होता. हन्नावहिनी आत या म्हणाल्या तर त्याने हात हलवला. "सुतक हाय, माय. सणासुदीचं तुमच्या घरात कशाला. म्हातारी गेली काल. पोर घरीच हाय. तेवढं नाव नका काढू, एवढं सांगायला आलो." आणि तेव्हापासून तो तिथेच बसून होता. आत जे बोललं जात होतं ते त्याला ऐकू जात असणार. दादा आवाज कमी करायच्या फंदात पडले नव्हते.

नाव निघालं तर काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोर्डाचे दहावीचे फॉर्म सिमहाबाईंच्या कपाटात सह्या होऊन पडले होते. मंगळवारी शिपाई ते घेऊन जाणार होता. त्यातून छायाचा फॉर्म काढला की तिची मार्चची परीक्षा गेली. आणि आई नसलेल्या, आजीही आता गेलेल्या सोळा वर्षांच्या पोरीला पुढच्या जूनपर्यंत कुणी घरात बसवून ठेवत नाही. तिचं लग्न लावून देतात.

दादांचं दुखणं वेगळंच होतं आणि ते सिमहाबाईंना चांगलं माहीत होतं. गेल्या वर्षी याच टेबलाशी बसून त्यांनी दादांच्या नातवाचं, दानिएलचं, नाव काढलं होतं. पोरगा नाशिकरोडला सिनेमा बघायला भिंतीवरून गेला होता. नियम सगळ्यांना सारखा, असं त्या ठासून म्हणाल्या होत्या आणि मनातून त्यांना आपला थोडा अभिमानही वाटला होता. महिन्याभरात दानिएलचे आईबाप चंबूगबाळं आवरून इस्रायलला गेले. दादा आता दर शुक्रवारी फोनची वाट बघत बसतात.

"माझ्या रक्ताच्या पोराला एक माप आणि बाहेरच्या पोरीला दुसरं, असं बाबांच्या शाळेत होणार नाही," दादा म्हणाले. "ट्रस्टी आपण तिघं. मी काढा म्हणतो. हन्ना?"

हन्नावहिनी म्हणजे सिमहाबाईंच्या मधल्या भावाची, इसाकची, विधवा. रिवकाची आई. त्यांनी परातीवरचं फडकं नीट केलं.

"मी दादांच्या बाजूची," त्या म्हणाल्या.

"आई?" रिवका म्हणाली.

"आई काय? तू ती खोली उघडलीस, त्या दिवसापासून शाळेला उसंत नाही. रोज कुणी ना कुणी रडत येतं. पोरांना रडायला जागा दिली की पोरं रडणारच. नियम मोडायचा आणि मग तुझ्याकडे यायचं, असं चाललंय."

खोली म्हणजे वाचनालयामागची पूर्वीची खेळाच्या सामानाची कोठी. रिवका मुंबईला समाजकार्य शिकून आली आणि जूनमध्ये तिने हट्टाने ती झाडून घेतली. एक बाक, एक माठ, दोन खुर्च्या. दारावर तिच्या हातची पाटी: ऐकायची खोली. कधीही या. दादांनी तेव्हाच विचारलं होतं, की आमच्या वेळी पोरांना काय कानच नव्हते का. पण सहामाहीपर्यंत चाळीस मुलं त्या बाकावर बसून गेली होती. छायाही त्यातलीच. ती तिथे यायची आणि काही न बोलता बीजगणित सोडवायची, असं रिवका सांगायची.

वहिनींच्या रागाचं मूळ त्या बाकात नव्हतं. त्यांचे आणि रिवकाचे इस्रायलचे कागद चार महिन्यांपूर्वी मंजूर होऊन आले होते आणि रिवका आज जाऊ उद्या जाऊ करत होती. खोली बंद पडली तर पोरगी निघेल. असला हिशेब माणूस स्वतःशीसुद्धा उघड मांडत नाही, पण तो वहिनींच्या तोंडावर दिसत होता. सिमहाबाईंना त्यांचा राग आला नाही. एकुलत्या एका लेकीला बरोबर न्यावंसं वाटणं काही गुन्हा नव्हता.

"आणि काल तुझी खोली कुठे होती गं?" दादा रिवकाला म्हणाले. "कधीही या, असं लिहिलंयस ना?"

रिवकाचा चेहरा उतरला. "कुलूप होतं," ती म्हणाली. "मी इथेच होते. मागच्या खोलीत, डोकं धरून पडले होते. तीही त्या पाटीपाशी जाऊन आली असेल. ते माझं मला माहीत आहे, काका. तुम्ही सांगायला नको."

"मग दोन मतं झाली." दादांनी पटाचं मोठं रजिस्टर पुढे ओढलं आणि खिशातून लाल पेन काढलं. नाव काढायचं म्हणजे त्यावर लाल रेघ मारायची, ही बाबांपासूनची पद्धत. दानिएलच्या नावावरची रेघ सिमहाबाईंनीच मारली होती, पट्टी लावून, सरळ. "सिमहा, तुझं मत लागत नाही. पण तू मुख्याध्यापिका. सांग, म्हणजे नोंद करतो."

सिमहाबाईंच्या मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक होतं. दिवस उलटून गेल्यावर ते कपाटात जायला हवं होतं. कालपासून त्यांनी ते हातातून सोडलं नव्हतं, कारण त्यात चिठ्ठी होती.

नाशिकला सिनेगॉग नाही. म्हणून दारफाळणीला आसपासची चार घरं नागावकरांकडेच जमतात आणि दिवसभर त्या बंद दिवाणखान्यात प्रार्थना चालते. काल दसराही होता. दोन्ही सण बहुतेक वर्षी एकमेकांच्या अंगावर येतात, तिथी दहावीच ना. आदल्या दिवशीच चिठ्ठ्यांवर सह्या घेऊन सुट्टीला घरी निघालेली वसतिगृहातली मुलं सकाळी दारावर येतात, टकटक करतात आणि आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवून जातात. दार उघडणार नाही हे त्यांना माहीत असतं. बाई आत उपाशी बसल्यात, रात्री तारे दिसल्यावर सोनं आत घेतील, असं मोठी मुलं लहानांना समजावतात. सिमहाबाईंना दरवर्षी ते ऐकून बरं वाटायचं.

काल साडेदहाला टकटक झाली. "लेकरं सोनं द्यायला आली असतील," वहिनी कुजबुजल्या. मग बाहेरून आवाज आला, हळू, घोगरा. "बाई." एवढंच. अकराला पुन्हा आला. मग पावणेबाराला. सिमहाबाई दारापासून सहा हातांवर होत्या. सहा वर्षं वर्गात ऐकलेला आवाज होता तो. त्यांच्या मनात आलं की उठावं, आणि त्याच वेळी मनात आलं की समाजाची वीस माणसं इथे बसलीयत, रहामीम मास्तरांची लेक दारफाळणीला कडी काढते हे त्यांनी पाहायचं? शिवाय आज पेनला हात लावायचा नाही, सही तर करताच येणार नाही. मग उठून करायचं काय? हे शेवटचं कारण त्यांना फार सोयीचं वाटलं. त्या पुढचं पान वाचू लागल्या.

रात्री तारे दिसल्यावर दार उघडलं तेव्हा आपट्याच्या पानांखाली, खडा ठेवून, चिठ्ठी दाबलेली होती.

"सिमहा," दादा म्हणाले.

"मी आवाज ओळखला होता."

दादांना पहिल्यांदा समजलंच नाही. "कुठला?"

"छायाचा. काल. तीन वेळा आली ती, दादा. तिन्ही वेळा मी ओळखला. मी उठले नाही." त्यांनी पुस्तक उघडलं आणि चिठ्ठी रजिस्टरवर ठेवली. "ही तिने पानांखाली ठेवली होती. सगळं भरलंय. फक्त माझी सही राहिलीय."

रिवकाने चिठ्ठी उचलली, वाचली आणि परत ठेवली. तिचे डोळे भरले होते आणि आत्याकडे ती बघत नव्हती.

"दारफाळणीला दार उघडत नाहीत," दादा जरा वेळाने म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "बाबांनी उघडलं असतं?"

"बाबांना आता विचारता येत नाही. मला विचारता येतं."

"सही करता आली नसती तुला. नियमच आहे तसा."

"सही नसती आली. पण झुंबरला दारातून सांगता आलं असतं, की हिला सोड. तोंडाने बोलायला कुठे बंदी होती? सकाळपासून तोंडानेच तर देवाशी बोलत होतो." त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "कलम सात तिने मोडलेलं नाही, दादा. ती मागायला आली होती. द्यायला मी नव्हते. रेघ मारायचीच असेल तर मुख्याध्यापिकांच्या यादीत माझं नाव आहे, तिथे मारा."

दादांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"वन्सं," हन्नावहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, लेकरं सोनं द्यायला आली असतील."

"म्हणाला होतात."

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, तुम्हाला पटलं."

"मला तसं पटवून घ्यायचं होतं, वहिनी. म्हणून बघितलं."

वहिनींनी परात बाजूला सरकवली. "तिसऱ्यांदा मीपण ऐकलं," त्या म्हणाल्या. "सोनं द्यायला कुणी तीनदा येत नाही. कळतं ते. माझी रिवका मुंबईला एकटी होती, तेव्हा मी रोज म्हणायची, देवा, हिने कुणाचं दार वाजवलं तर ते उघडू दे." त्यांनी रजिस्टर दादांच्या हाताखालून काढलं आणि मिटलं. "माझं मत बदललं. नाव राहू दे."

"आणि माझ्या दानिएलचं?" दादा म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्यात त्यांचे सगळे शुक्रवार होते.

सिमहाबाईंनी रजिस्टरमधली चिठ्ठी काढून परत पुस्तकात ठेवली. "त्याच्या बाबतीत मी चुकले की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण तो का गेला, एकटा का गेला, हे मी त्याला विचारलं नव्हतं. जबाब लिहून घेतला आणि रेघ मारली. ते खरं आहे, दादा. त्याचं मला वाईट वाटतं."

दादा उठले. "माझा विरोध लिहून ठेव," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि बाहेर बसलेल्या निवृत्तीकडे बघत थांबले. मग वळून न बघता म्हणाले, "साडेदहाची जीप चुकेल. जायचं असेल तर नीघ."

कुठे जायचं हे कुणी बोललं नव्हतं. पण दारफाळणी पाळणाऱ्या घरात ते सांगावं लागत नाही. देवाचा अपराध देवाकडे माफ होतो. माणसाचा अपराध त्या माणसाकडे जाऊनच माफ करून घ्यावा लागतो, आणि तोही दारफाळणीच्या आधी. सिमहाबाईंना एक दिवस उशीर झाला होता.

वहिनींनी सवयीने पुऱ्या बांधायला घेतल्या, मग थांबल्या. "सुतकाच्या घरी गोड कुठे न्यायचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि तवा चढवला. दहा मिनिटांत पाच-सहा भाकऱ्या आणि पिठलं फडक्यात बांधून सिमहाबाईंच्या हातात आलं. रिवका फाटकापर्यंत सोबत आली. फाटकापाशी तिने एकदा आत्याचा हात दाबला आणि ऐकायच्या खोलीकडे निघून गेली. कुलूप काढल्याचा आवाज सिमहाबाईंना रस्त्यापर्यंत ऐकू आला.

जीपमध्ये निवृत्ती दाराशी अंग चोरून बसला होता. घोटी येईपर्यंत तो एकदाच बोलला.

"म्हातारीनंच तिला पाचवीला तुमच्याकडं आणली व्हती, बाई. तुमास्नी आठवत नसंल."

"आठवतं," सिमहाबाई म्हणाल्या. ठमाबाईंनी नातीला पुढे ढकलून सांगितलं होतं, हिला तुमच्या पदरात टाकते. सिमहाबाईंनी तेव्हा त्यांना कलमांची चौकट दाखवली होती. ठमाबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्या ती बराच वेळ बघत उभ्या राहिल्या होत्या.

घोटीपासून पुढे अर्धा तास बांधावरून चालायचं होतं. भात निसवून पिवळं पडायला लागलं होतं. वस्तीवर पोहोचल्या तेव्हा घरापुढे बायामाणसं बसलेली होती. त्यांनी सरकून जागा दिली. घराला दार होतं, पण ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि आतला चुलीपर्यंतचा सगळा अंधार बाहेरून दिसत होता. छाया उंबऱ्याच्या आत गुडघे जवळ घेऊन बसली होती. अंगावर कालचाच शाळेचा गणवेश होता. कोपरावर भिंतीचं खरचटलेलं होतं.

ती उठली नाही. "बाई, नाव काढलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कशाला आल्या?"

सिमहाबाई उंबऱ्याबाहेर खाली बसल्या. छप्पन्न वर्षांच्या गुडघ्यांना ते सोपं गेलं नाही. "तुझी माफी मागायला. काल आमचा माफी मागायचा दिवस होता. देवाची मागितली. तुझी राहिली."

छाया त्यांच्याकडे बघत होती. "तुमाला ऐकू आलं व्हतं?"

"हो."

"तिन्ही बारी?"

"तिन्ही वेळेला."

पोरीने मान खाली घातली.

"मला वाटलं, मी हळू वाजवलं," ती म्हणाली. "सगळ्या वाटंनं तेच म्हणत आले. जोरात वाजवाया पायजे व्हतं. बाईंला ऐकू नसंल गेलं. माझीच चूक." तिने नाक पुसलं. "आजी दीडला गेली. मी अडीचला आले. जाईस्तवर ती सारखी दाराकडं बघत व्हती, असं माझी आत्या म्हनली."

सिमहाबाईंनी रडायचं नाही असं ठरवलं होतं. ते जमलं नाही. त्या पोरीसमोर, वस्तीसमोर, पदराने तोंड झाकून रडल्या. छायाने त्यांना हात लावला नाही आणि असू दे असंही म्हणाली नाही. ती वाट बघत बसली.

मग सिमहाबाईंनी पुस्तकातली चिठ्ठी काढली. नाव, इयत्ता, कारण, सगळं नीट अक्षरात होतं. परत येण्याची तारीख, या ओळीपुढे लिहिलं होतं: आजी बरी झाल्यावर. त्यांनी गुडघ्यावर पुस्तक धरून खाली सही केली. सहीखाली कालची तारीख घालणं सोपं होतं. त्यांनी आजची घातली. एक दिवस उशिराची, सगळ्यांना दिसेल अशी. मग चिठ्ठी उंबऱ्यावरून पलीकडे दिली.

छायाने ती हातात धरली. सहीकडे पाहिलं, तारखेकडे पाहिलं, मग आपल्याच अक्षराकडे.

"दहावं झाल्याबिगर मला येता येनार नाय," ती म्हणाली.

"नको येऊस. तुझा फॉर्म मंगळवारी जातोय. परीक्षा मार्चमध्ये आहे."

"पेन द्या."

त्यांनी पेन दिलं. छायाने चिठ्ठी फरशीच्या तुकड्यावर ठेवली. आजी बरी झाल्यावर, या शब्दांवर तिने रेघ मारली नाही. ते तसेच राहू दिले आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: २१ ऑक्टोबर, सकाळी. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. चिठ्ठीची चौकोनी घडी केली.

"ही हितं उंबऱ्यावर ठेवू," तिने विचारलं, "का हातात देऊ?"

सिमहाबाईंनी हात पुढे केला.